रिपोर्टमधल्या उलट्या लहरी

प्रश्न : माझं वय ४१. कॉलेजात असल्यापासून बद्धकोष्ठाचा त्रास आहे. चार-चार, पाच-पाच दिवस शौचाला होत नाही. झालं तरी बराच वेळ बसून जोर काढावा लागतो, कधीकधी बोटाने मदत करावी लागते (हे लिहितानाही लाज वाटते) आणि उठताना अजून काहीतरी राहिलंय असंच वाटतं. इसबगोल, पावडरी, सगळं करून झालं. बिसाकोडिलच्या गोळीने होतं, पण सवय लागेल, आतडं आळशी होईल म्हणून मी ती घ्यायचं टाळते. डोकेदुखीसाठी गेली तीन वर्षं रात्री अमिट्रिप्टिलिनची गोळी चालू आहे, बाकी औषध नाही. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली. मार्करच्या तपासणीत (एक्स-रेवर दिसणारे बारीक तुकडे गिळायला देऊन ते कधी बाहेर पडतात ते बघतात) २४ पैकी १६ मार्कर पाचव्या दिवशीही पोटातच होते. मग मोठ्या आतड्याची मॅनोमेट्री, म्हणजे नळी घालून आतला दाब मोजायची तपासणी, केली, नळी सहा तास आत होती. रिपोर्ट असा : 'बहुतांश लहरी उलट्या दिशेच्या. जेवणानंतरचा प्रतिसाद कमी. उच्च दाबाच्या, पुढे सरकणाऱ्या लहरी शून्य. बिसाकोडिल दिल्यावर २.' माझ्या दिरांचं औषधांचं दुकान आहे. ते वाचून म्हणाले, ''वहिनी, तुमचं आतडं उलटं चालतंय.'' सर्जन म्हणतात, मोठं आतडं काढण्याचा विचार करता येईल. माझी झोप उडाली आहे. आतडं खरंच उलटं चालतं का? एका नळीवरून हे कसं कळतं? ऑपरेशन करावं का? आणि पोटाला पट्टा लावून घरीच आतड्याची हालचाल मोजता येते म्हणतात, तसा पट्टा घेऊ का?
— एक वाचक

उत्तर : उलट्या लहरींपायी झोप घालवू नका. धडधाकट माणसाच्या मोठ्या आतड्यातही त्या रोज उठतात आणि जेवण झालं की वाढतात. तुमच्या दिरांनी काळजीपोटीच सांगितलं असणार, पण रिपोर्टमधलं जे वाक्य त्यांनी धरलं ते त्यातलं सगळ्यात निरुपद्रवी वाक्य आहे. मी अडखळले ती तुमच्या पत्रातल्या वेगळ्याच दोन ओळींपाशी. त्यांच्याकडे पुढे येतेच. आधी दुसरा प्रश्न घेते, कारण नळीने नेमकं काय मोजलं हे कळलं की बरीचशी भीती आपोआप ओसरेल.

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची नळी. पोटाच्या उजव्या बाजूला खाली सुरू होते, बरगड्यांपर्यंत वर चढते, आडवी डावीकडे जाते, खाली उतरते आणि शेवटी नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळते. लहान आतड्यातून रोज दीडेक लिटर पातळ द्रव तिच्यात उतरतो. मळाबरोबर बाहेर जातं ते पाणी मात्र शंभर-दोनशे मिलिलिटर. मधलं सगळं पाणी आणि क्षार भिंतीतून शोषून घ्यायचे असतात आणि त्याला वेळ लागतो. ज्यांना कसलाही त्रास नाही त्यांच्यातही जेवणाचा उरलेला भाग इथे दिवस-दीड दिवस सहज मुक्काम करतो. आतड्याने नुसतं पुढेच ढकलत राहायचं ठरवलं असतं तर सगळ्यांना रोज जुलाबच झाले असते. म्हणून इथला माल थोडा पुढे जातो, थोडा मागे येतो, घुसळला जातो, पुन्हा पुढे सरकतो.

हे आजकालचं ज्ञान नव्हे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या अन्नात बिस्मथ मिसळून क्ष-किरणांच्या पडद्यावर त्यांची आतडी पाहिली आणि १९०२ साली लिहून ठेवलं, की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लहरी उलट्या दिशेनेही जातात. पुढे १९०९ मध्ये व्हिएन्नाचे क्ष-किरणतज्ज्ञ होल्त्सक्नेख्ट यांनी माणसाच्या आतड्याबद्दल वेगळंच काही नोंदवलं : बराच वेळ निवांत पडलेलं आतडं एकदम जागं होतं आणि मळाचा मोठा हिस्सा काही सेकंदांत पुढच्या भागात जाऊन पडतो. दोन्ही निरीक्षणं खरी ठरली. दिवसातला बराचसा वेळ घुसळण्यात आणि धरून ठेवण्यात जातो, जोराची ढकल मोजक्याच वेळा येते. मॅनोमेट्रीत आपण या दोन्हींच्या खुणा शोधत असतो.

ही आकुंचनं घडवणारा स्नायू भिंतीत दोन थरांत असतो. आतला थर गोलाकार, तो आवळला की नळी चिंबते. बाहेरचा थर लांबीच्या दिशेने जाणारा, तीन पट्ट्यांत गोळा झालेला. दोन थरांच्या मधोमध मज्जातंतूंचं जाळं आहे. जर्मन शास्त्रज्ञ औअरबाख यांनी १८६२ मध्ये ते दाखवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्याच्या आसपास काहाल यांचं नाव मिळालेल्या पेशी असतात (हे तेच स्पॅनिश शास्त्रज्ञ, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं). ठोका या पेशी देतात, कुठे, कधी आणि किती जोराने आवळायचं हे जाळं ठरवतं. मेंदूचा हात असतो, पण वरवरचा.

आता नळी. तुम्ही त्यातून गेलाच आहात, इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी पोट साफ करतात, कोलोनोस्कोपीच्या मदतीने एक बारीक, लवचीक नळी शक्य तितकी उजव्या बाजूपर्यंत नेतात, काही ठिकाणी तिचं टोक छोट्या क्लिपने आतल्या अस्तराला अडकवतात, आणि ती जागेवर आहे ना हे एक्स-रे काढून बघतात. मग काही तास उपाशीपोटी नोंद, त्यानंतर भरपेट जेवण, जेवणानंतरची नोंद, शेवटी नळीतूनच बिसाकोडिल सोडून पुन्हा नोंद. दुखत नाही, कंटाळा मात्र भरपूर येतो. आणि बिसाकोडिलनंतरची कळ सुखाची नसते.

नळीवर ठरावीक अंतरावर दाब मोजणारे बिंदू असतात. जुन्या प्रकारात प्रत्येक बिंदूपाशी पाण्याची बारीक धार सोडतात, भिंत आवळली की धारेला अडथळा होतो आणि तेवढा दाब वाढलेला दिसतो. दुसऱ्या प्रकारात नळीतच इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवलेले असतात. तिसरा प्रकार मला सगळ्यात देखणा वाटतो : केसासारख्या काचतंतूतून प्रकाश सोडायचा. तंतूवर जागोजागी अशा खुणा कोरलेल्या असतात की प्रत्येक खूण एका ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवते. भिंतीने तिथे दाबलं की तंतू किंचित ताणला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी तेवढीच सरकते. एकाच तंतूवर दर सेंटीमीटरला एक, असे कितीतरी बिंदू बसवता येतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या फिल डिनिंग यांच्या गटाने असल्या नळ्या वापरूनच माणसाच्या मोठ्या आतड्याचं बरंचसं नवं काम केलं.

बिंदूंमधल्या अंतराला एवढं महत्त्व का, हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथेच आहे. पूर्वीच्या नळ्यांवर दोन बिंदूंत सात, दहा, कधी पंधरा सेंटीमीटर अंतर असायचं. रात्री लांबलचक रस्त्यावर दर दहाव्या खांबालाच दिवा असला तर दोन दिव्यांच्या मध्येच वळून परत फिरणारी माणसं दिसणारच नाहीत, आणि एका दिव्याखाली दिसलेला माणूस कुठून कुठे चालला होता हेही सांगता यायचं नाही. आतड्यातल्या बहुतेक लहरी अशाच आखूड पल्ल्याच्या असतात. पाच-सहा सेंटीमीटर जाऊन विरतात. जुन्या नळीला त्या एकाच बिंदूवर आलेल्या सुट्या आकुंचनासारख्या दिसत. ॲडलेडच्या गटाने २०१३ मध्ये बारीक अंतराच्या नोंदींतले मधले बिंदू गाळून तीच नोंद पुन्हा वाचली, तेव्हा लहरींची संख्या आणि दिशा दोन्ही साफ चुकीची येत होती. जवळजवळ बिंदू लावल्यावर उलट्या लहरी 'सापडल्या' त्या अशा. आधीही त्या तिथेच होत्या.

तुमच्या रिपोर्टला मागे रंगीत चित्र जोडलेलं असेल. ते समोर घ्या. डावीकडून उजवीकडे वेळ जाते. वरून खाली आतड्याची लांबी, बहुतेक केंद्रांत वरची कड उजव्या बाजूचं आतडं आणि खालची कड गुदाशय (कडेला लिहिलेलं असतं, खात्री करून घ्या). निळा रंग म्हणजे दाब कमी, पिवळा-लाल म्हणजे जास्त. लहर पुढे सरकली की वरून खाली उतरणारा तिरका पट्टा दिसतो, मागे गेली की खालून वर चढणारा. एकदम सरळ उभी रेघ सगळ्या बिंदूंवर एकाच क्षणी उमटली असेल तर ती बहुतेक वेळा तुमची शिंक, खोकला, हसू किंवा कुशीवर वळणं. वाचणारा माणूस ती वगळतो. तिच्यासारखीच दिसणारी, पण सावकाश चढून सावकाश उतरणारी एक उभी पट्टी मात्र खरी असते : सगळ्या आतड्यात एकाच वेळी दाब वाढतो, गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो, आणि वारा सरतो. तिला वेगळा प्रकार म्हणून ओळख मिळाली तीही गेल्या दहाएक वर्षांत.

चित्राच्या खालच्या भागात, म्हणजे नागमोडी वळणाच्या पट्ट्यात, एकापाठोपाठ एक छोट्या तिरक्या रेघा दिसतील. मिनिटाला २ ते ६ या चालीने त्या येतात. बहुतेक रेघा वर चढणाऱ्या, म्हणजे उलट्या दिशेच्या. निरोगी माणसात जेवण सुरू झालं की काही मिनिटांत त्यांची गर्दी होते. त्यांचं काम काय असावं? सध्या बहुतेक अभ्यासक त्यांना ब्रेक मानतात : जेवणाने वरचं आतडं चाळवलं जातं, माल खाली यायला लागतो, आणि तो अवेळी गुदाशयात जाऊन पडू नये म्हणून शेवटचा भाग त्याला हळूहळू मागे रेटत राहतो. हा ब्रेक नसता तर प्रत्येक जेवणानंतर ताटावरून उठून पळावं लागलं असतं.

तेव्हा 'बहुतांश लहरी उलट्या दिशेच्या' हे वाक्य नॉर्मल माणसाच्या रिपोर्टमध्येही जसंच्या तसं येऊ शकतं. मंदगती बद्धकोष्ठात, म्हणजे आतडंच सावकाश चालतं त्या प्रकारात, उलट तक्रार असते : जेवणानंतर या लहरींची जी गर्दी व्हायला हवी ती होतच नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टचं दुसरं वाक्य, 'जेवणानंतरचा प्रतिसाद कमी', जास्त बोलकं आहे. पण त्यातही एक गोम आहे, ती अमिट्रिप्टिलिनची.

जेवणाचा हा प्रतिसाद बऱ्याच अंशी ॲसिटिलकोलिन या रसायनावर चालतो आणि अमिट्रिप्टिलिन नेमकी त्याचीच वाट अडवते. या गोळीने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं ते याच कारणाने. तुमचा त्रास कॉलेजपासूनचा आहे, गोळी तीन वर्षांची, तेव्हा सगळं खापर गोळीवर फोडता येणार नाही. तरी तपासणीच्या आधी ती थांबवली होती का, हे विचारा. अफूजन्य वेदनाशामकं, अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्या, व्हेरापामिलसारखी रक्तदाबाची काही औषधं अशी आतडं मंदावणारी औषधं मॅनोमेट्रीच्या आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात, जमत असेल तर. गोळी चालू असताना घेतलेल्या नोंदीत जेवणाचा प्रतिसाद कमी दिसला तर तो आतड्याचा दोष की गोळीचा, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. आपल्या मनाने गोळी सोडू नका. डोकेदुखीच्या डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात आणि डोस हळूहळू उतरवावा लागतो.

आता तो 'शून्य'. उच्च दाबाची, पुढे सरकणारी लहर म्हणजे चित्रातला वरून निघून लांबवर खाली गेलेला ठळक पट्टा. दाब साधारण शंभर मिमी पारा किंवा त्याहून जास्त, वेग सेकंदाला अंदाजे एक सेंटीमीटर; अर्धा मीटर जायला मिनिटभर लागतो. होल्त्सक्नेख्ट यांनी पाहिलेली ढकल ती हीच. इटलीत बास्सोत्ती आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात निरोगी माणसांच्या २४-२४ तासांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा अशा लहरी दिवसाला सरासरी पाच-सहाच निघाल्या. त्यातही बऱ्याचशा सकाळी जाग आल्यावर आणि जेवणांनंतर. झोपेत आतडं जवळजवळ गप्प असतं. तुमची नोंद सहा तासांची होती आणि सकाळची जाग तर नळी घालण्याच्या आधीच होऊन गेली होती. एवढ्या वेळात निरोगी माणसाच्या नोंदीतही ही लहर एखादेवेळी दिसत नाही. शून्य हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो, सहा तासांत त्याचं वजन तेवढं नाही.

त्याच्या पुढचा आकडा, 'बिसाकोडिल दिल्यावर २', मला सगळ्यात मोलाचा वाटतो. औषधाने अस्तराला चाळवलं आणि आतड्याने पूर्ण ताकदीच्या लहरी काढून दाखवल्या. स्नायू किंवा त्यातलं जाळं पार निकामी झालं असतं तर त्या उठल्याच नसत्या. लहान मुलांमध्ये तर ही तपासणी प्रामुख्याने याच प्रश्नासाठी करतात : चाळवल्यावर लहर उठते की नाही, उठली तर शेवटपर्यंत पोचते की मध्येच थांबते. तुमच्या दोन लहरी कुठपर्यंत पोचल्या हे चित्रात बघून घ्या, किंवा डॉक्टरांकडून दाखवून घ्या. रिपोर्टच्या मजकुरात ते यायला हवं होतं.

या तपासणीच्या मर्यादाही लक्षात असू द्या. आतडं आधी धुवून रिकामं केलेलं असतं, रोजच्यासारखं भरलेलं नसतं. तुम्ही पलंगावर असता. दाब मोजणाऱ्या नळीला दाबच कळतो : उजव्या बाजूचं आतडं रुंद असतं, तिथे भिंत नळीभोवती पुरती मिटली नाही तर आकुंचन होऊनही नोंद होत नाही, आणि लांबीच्या दिशेच्या थराने काय केलं हे तर जवळपास अदृश्यच राहतं. शिवाय कुठल्या लहरीला काय म्हणायचं यावर देशोदेशीच्या अभ्यासकांचं पहिलं एकमत छापून आलं ते २०१९ मध्ये. एका केंद्राचा 'कमी' दुसऱ्या केंद्रात 'ठीक' असू शकतो. संशोधनासाठी ही तपासणी अप्रतिम आहे. एकट्या तिच्या भरवशावर कुणाचं आतडं काढायला मी तयार होणार नाही.

आता त्या दोन ओळी. जोर काढावा लागतो, बोटाने मदत करावी लागते, उठताना काही राहिल्यासारखं वाटतं. लाज वाटायचं काही कारण नाही. बरेच जण डॉक्टरांपासून हे लपवतात आणि निदान तिथेच चुकतं. ही लक्षणं दीड मीटरच्या आतड्यापेक्षा शेवटच्या दहा-पंधरा सेंटीमीटरकडे बोट दाखवतात. शौचाच्या वेळी पोटाने जोर केला की गुदद्वाराभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत. काही जणांत ते नेमके त्याच वेळी आवळले जातात आणि त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसतो. दार आतून बंद आणि मागून धक्के, अशी गत. बायकांमध्ये कधी गुदाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगते आणि मळ त्या खिशात अडकतो. बोटाने दाबून मदत करावी लागते ती बऱ्याचदा त्यामुळे.

आणि दार बंद असलं की मागचं आतडंही मंदावतं. त्यामुळे तुमचे १६ मार्कर पोटात राहिले म्हणजे मूळ दोष आतड्यातच, असं म्हणता येत नाही. दाराशी अडथळा असलेल्या बऱ्याच जणांची मार्करची तपासणी अशीच येते. जुना एक्स-रे काढून मार्कर कुठे आहेत ते बघा : सगळीकडे पसरलेले, की ओटीपोटात गोळा झालेले? गोळा झालेले असतील तर दाराचा संशय वाढतो. पसरलेले असले म्हणून तो जात मात्र नाही.

तुमच्या पत्रात गुदाशयाच्या मॅनोमेट्रीचा आणि फुग्याच्या चाचणीचा उल्लेखच नाही. झाल्या नसतील तर आधी त्या करा. खरं तर मोठ्या आतड्याच्या मॅनोमेट्रीआधीच त्या व्हायला हव्या होत्या. गुदाशयाच्या मॅनोमेट्रीत आखूड नळी असते, पोट तसं साफ करावं लागत नाही, अर्ध्या तासात होते. फुग्याची चाचणी तर इतकी साधी, की तिच्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला नेहमी नवल वाटतं : गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि शौचकूपावर एकांतात बसून तो बाहेर टाकायला सांगतात. बहुतेक माणसांना मिनिटभरात जमतं. नाही जमलं, तर पुढे एक्स-रे किंवा एमआरआयखाली शौचक्रियेचं चित्रण करून अडथळा कुठे आहे ते बघता येतं.

स्नायू उलटे आवळत असतील तर त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण आहे. गुदाशयातल्या सेन्सरची रेघ पडद्यावर बघत बघत कधी आवळायचं, कधी सोडायचं, श्वास आणि पोट कसं वापरायचं हे शिकवतात. काही आठवड्यांची बैठकांची मालिका असते. चांगल्या प्रशिक्षकाकडे निम्म्याहून जास्त लोकांना फरक पडतो, आणि दार उघडायला लागलं की बऱ्याच जणांचं मंदावलेलं आतडंही मागोमाग सुधारतं. तुमच्या बाबतीत मी या रस्त्याची शक्यता आधी तपासून बघेन.

बिसाकोडिलची भीती मात्र मनातून काढून टाका. नेहमीच्या डोसमध्ये या गोळ्यांनी आतडं कायमचं आळशी होतं, याला भक्कम पुरावा नाही. ती समजूत फार जुनी आहे आणि तिने फार लोकांना विनाकारण छळलं आहे. तुमच्या आतड्याने तिला प्रतिसाद दिल्याचं तर तुमच्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहे. पाच दिवस कुंथत बसण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने आठवड्यातून दोन-तीनदा गोळी घेतलेली बरी. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (मळात पाणी धरून ठेवणारी) पावडर पुरेशा डोसने आणि पुरेसे दिवस घेऊन पाहिली का, हेही तपासा. चमचाभर चार दिवस घेऊन सोडणारे खूप असतात. त्यापुढे प्रुकॅलोप्राइड हे आतड्याला चालना देणारं औषध आहे. त्याने पुढे ढकलणाऱ्या जोरदार लहरी वाढतात, हे मॅनोमेट्रीतच दिसलेलं आहे. शौचाला बसायची वेळ सकाळी उठल्यावर किंवा पहिल्या खाण्यानंतर ठेवा, पाय छोट्या स्टुलावर घ्या, आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

ऑपरेशन. मोठं आतडं काढून लहान आतडं गुदाशयाला जोडतात. मोजक्या लोकांना त्याने खरोखर सुटका मिळते. पण दार बंद असताना आतडं काढलं तर मळ पातळ होतो आणि दार बंदच राहतं. पोटफुगी आणि पोटदुखी बऱ्याचदा तशीच राहते, काहींना दिवसातून अनेकदा पातळ शौचाला पळावं लागतं, आणि पुढे कधी आतड्याला पीळ किंवा अडथळा येण्याचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून आधी चार गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात : आतडं मंद आहे हे औषधं बंद असताना दिसलं, दार नीट उघडतं, जठर आणि लहान आतडं ठीक चालतात, आणि औषधं पुऱ्या डोसने घेऊन हरली. तुमच्या पत्रावरून यातली एकही अजून पूर्ण झालेली दिसत नाही. सर्जननी 'विचार करता येईल' एवढंच म्हटलंय. ते वाक्य तिथेच राहू द्या.

पट्टा घेऊ नका. पोटाच्या कातडीवरून येणारे विजेचे संकेत अतिशय क्षीण असतात, त्यात जठर, लहान आतडं, हृदय, श्वास आणि पोटाचे स्नायू सगळ्यांची सरमिसळ असते. संशोधनात यावर काम चालू आहे, पण उपचार ठरवण्याइतकं ते भरवशाचं झालेलं नाही.

कोलोनोस्कोपी नॉर्मल आहे, तरी पुढे कधी रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं, किंवा पोट फुगून वारासुद्धा सरेनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

जिथे मॅनोमेट्री झाली तिथून छापील रिपोर्टबरोबर मूळ नोंदीची फाइलही मागून घ्या आणि त्या दिवशी कुठली औषधं चालू होती हे तिच्यावर लिहून ठेवा. फुग्याच्या चाचणीनंतर दुसऱ्या केंद्राचं मत घ्यायची वेळ आली तर नळी पुन्हा न घालता त्याच फाइलवरून त्यांना लहरी नव्याने वाचता येतील.